भूकंपविज्ञान आणि लोकसंवाद : कोयना, किल्लारी व डहाणूच्या अनुभवांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : भूकंप, लोकसंवाद, भूकंपप्रवण क्षेत्र, परिमाण व तीव्रता, दगडमातीची घरे, धक्क्यांची मालिका

प्रास्ताविक

भूकंपाविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात आणि लोक जे ऐकतात ते एकच असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील गेल्या सहा दशकांचा अनुभव या गृहीतकाला पुष्टी देत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजीचा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ रोजीचा किल्लारीचा भूकंप आणि नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत जाणवू लागलेली धक्क्यांची मालिका, या तीनही प्रसंगी शास्त्रीय माहितीचा तुटवडा होता असे म्हणता येणार नाही. भूकंपमापन केंद्रे उभी राहिली, शोधनिबंध प्रसिद्ध झाले, कोयनेच्या परिसरात तर तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खडकाचा अभ्यास झाला. परंतु या माहितीचा फार थोडा अंश गावातल्या घरापर्यंत पोहोचला, आणि जो पोहोचला तोही पुष्कळदा वेगळा अर्थ घेऊन.

याचे कारण लोकांच्या अज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ‘जनजागृती’ हा शब्दच असे सुचवितो की एक बाजू जागी आहे व दुसरी झोपलेली. वस्तुतः अडचण निराळी आहे. भूवैज्ञानिकाचा प्रश्न जमिनीविषयी असतो : प्रस्तर कोठे भंगला, किती खोलीवर, किती ऊर्जा बाहेर पडली. रहिवाशाचा प्रश्न घराविषयी असतो : आज रात्री या छताखाली मुलांना झोपवावे की नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिले गेले की गैरसमज निर्माण होतात, आणि काही वेळा त्यांची किंमत जीविताने चुकवावी लागते. हे कसे घडते व ते टाळण्यासाठी काय करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘अल्प धोका’ म्हणजे ‘धोका नाही’ नव्हे

किल्लारीच्या भूकंपापूर्वी भूगोलाच्या अध्यापनात दख्खनचे पठार ‘स्थिर’ किंवा ‘अविचल’ भूभाग म्हणून शिकविले जात असे. हे विधान चुकीचे नव्हते. हिमालयाच्या तुलनेत द्वीपकल्पीय भारताचे भूपृष्ठ खरोखरच स्थिर आहे. त्या वेळी प्रचलित असलेल्या भारतीय मानकाच्या नकाशात देशाचे पाच भूकंपक्षेत्रांत विभाजन केलेले होते आणि किल्लारीचा परिसर क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात, मोडत होता. अभियंत्यासाठी या वर्गीकरणाचा अर्थ असा होता की येथे तीव्र भूकंपाची शक्यता अल्प आहे, तेव्हा संरचनेच्या गणितात कमी बल धरावे. शिक्षक, अधिकारी आणि गवंडी यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत मात्र ‘अल्प’ हा शब्द गळून पडला आणि ‘येथे भूकंप होत नाही’ एवढेच शिल्लक राहिले.

या नकाशांची एक मर्यादा होती, व ती लोकांसमोर क्वचितच मांडली गेली. असे नकाशे मुख्यतः ज्ञात भूकंपांच्या नोंदींवर आधारलेले असतात. स्थिर खंडीय प्रदेशात एकाच प्रस्तरभंगावर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते. मानवी नोंदी मात्र काही शतकांच्याच असतात. त्यामुळे नोंद नसणे हा भूकंप न होण्याचा पुरावा ठरत नाही. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारी, जबलपूर व भूज येथील भूकंपांनंतर २००२ मध्ये तो पुन्हा बदलला. क्षेत्र एक ही श्रेणीच रद्द झाली आणि किल्लारीचा परिसर क्षेत्र तीनमध्ये गेला. नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला, ही गोष्ट शास्त्राला कमीपणा आणणारी नाही. नव्या पुराव्यानुसार मत बदलणे हेच शास्त्राचे काम. परंतु नकाशा पाहणाऱ्याला तो असा मागून चालतो हे सांगितले गेले नाही, हा दोष संवादाचा आहे.

हाच प्रकार दरडींच्या बाबतीतही दिसून आला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि त्याहून अधिक माणसांचा शोध लागला नाही. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनातर्फे विधिमंडळात सांगण्यात आले. यादीत नाव नसणे याचा अर्थ ‘तपासणीत धोका आढळला नाही’ असा होऊ शकतो, किंवा ‘तपासणी पुरेशा बारकाईने झालेली नाही’ असाही होऊ शकतो. यादी वाचणाऱ्याला या दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग नसतो.

परिमाण, तीव्रता आणि वृत्तपत्रातील वाक्य

‘रिश्टर स्केलवर ४.१ तीव्रतेचा धक्का’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांतून इतके रूढ झाले आहे की त्यातील गोंधळ जाणवेनासा झाला आहे. परिमाण, म्हणजे मॅग्निट्यूड, ही भूकंपाच्या उगमाशी बाहेर पडलेल्या ऊर्जेची मोजणी होय. एका भूकंपाचे परिमाण एकच असते. तीव्रता, म्हणजे इंटेन्सिटी, ही एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली व त्याचा माणसांवर, घरांवर काय परिणाम झाला याची श्रेणी होय. ती एक ते बारा अशी मोजतात आणि ती गावागणिक बदलते. किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते, ते लातुरात मोजा वा हैदराबादेत. तीव्रता मात्र किल्लारीत आठ-नऊपर्यंत गेली होती व दूरच्या शहरांत फक्त भांडी वाजण्यापुरती होती. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेले मापन दक्षिण कॅलिफोर्नियासाठी होते. मोठ्या भूकंपांसाठी आज ‘क्षण-परिमाण’ वापरले जाते. पण रिश्टर यांचे नाव बातमीतून जाण्याची चिन्हे नाहीत, आणि त्याने फारसे बिघडतही नाही. बिघडते ते ‘तीव्रता’ या शब्दामुळे. आकडा एकच दिला जातो व तो आपल्या घराला लागू आहे असे वाचकाला वाटते.

परिमाणाची श्रेणी घातांकी असल्याने दुसरी अडचण उद्भवते. एका अंकाच्या वाढीने ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांच्या वाढीने १००० पट. चार व सहा यांतील अंतर सर्वसामान्य वाचकाला दीडपट वाटते. यातूनच ‘लहान धक्क्यांमुळे जमिनीतील ताण निघून जातो, म्हणून मोठा भूकंप टळतो’ ही समजूत टिकून राहते. सहा परिमाणाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यास चार परिमाणाचे हजार भूकंप व्हावे लागतील. दोन-अडीच परिमाणाच्या धक्क्यांनी ती भरपाई होण्याची कल्पना आकडेमोडीतच कोसळते. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येण्यासारखे आहे. तरीही ही समजूत सुशिक्षितांच्या तोंडीही वारंवार ऐकू येते.

कोयनेच्या बातम्यांचा साचा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. परिसरात सौम्य धक्का बसला की वेळ, परिमाण, केंद्राचे धरणापासूनचे अंतर आणि शेवटी ‘धरण सुरक्षित आहे’ असे वाक्य येते. १९६७ च्या भूकंपात धरणाच्या काही भागांत भेगा पडल्या होत्या आणि नंतर त्याचे मजबुतीकरण करण्यात आले; तेव्हा नदीकाठच्या गावांना व शहरांना ही ग्वाही आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु १९६७ मध्ये धरण फुटले नव्हते. त्या पहाटे कोयनानगर व भोवतालच्या गावांत सुमारे दोनशे माणसे मेली ती पडलेल्या घरांखाली. सहा दशके बातमी धरणाविषयी सांगत आली आहे. घर कोणत्या स्थितीत आहे, हे तिने विचारलेले क्वचितच आढळते.

कोयनेच्या भूकंपांची कारणमीमांसा सांगतानाही भाषेचा प्रश्न येतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी जलाशय भरू लागल्यावर धक्के सुरू झाले. पुढे १९८५ नंतर वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९३ पासून त्या बाजूसही भूकंप वाढले. सुमारे ३० गुणिले २० किलोमीटरच्या टापूत पाचहून अधिक परिमाणाचे वीसपेक्षा जास्त भूकंप नोंदविले गेले आहेत. भूशास्त्रज्ञांच्या मते जलाशयाचे वजन व खडकाच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे, आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकण्यास निमित्त मिळते. ‘धरणामुळे भूकंप होतो’ असे म्हटले तर ते अतिव्याप्त ठरते. ‘धरणाचा काही संबंध नाही’ असे म्हटले तर ते असत्य ठरते. मराठीत कारण आणि निमित्त हे दोन वेगळे शब्द आहेत व सामान्य माणूस त्यांतील भेद रोजच्या बोलण्यात अचूक पाळतो. हा भेद समजावून देण्यास कोणत्याही परकीय संज्ञेची गरज नाही. तो टाळून दीर्घकाळ नुसत्या ग्वाहीवर भागविले जाते, तेव्हा शासकीय निवेदनावरील विश्वास कमी होणे स्वाभाविक आहे.

दगडाने मारले की बांधणीने ?

किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. काही नोंदींत ही संख्या याहूनही अधिक दिली आहे. ६.२ हे परिमाण जागतिक मानाने मध्यम होय. एवढ्या मृत्यूंचे स्पष्टीकरण एकट्या जमिनीतून मिळत नाही. भूकंपाचा उगम उथळ होता हे खरे, पण निर्णायक ठरली ती घरांची रचना.

मराठवाड्यातील माळवदाच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या असत. आत व बाहेर काळ्या दगडाची दोन तोंडे आणि मध्ये मातीत बसविलेले गोटे, असे त्यांचे स्वरूप होते. दोन्ही तोंडांना जोडणारे आरपार लांब दगड पुष्कळ घरांत नव्हते. त्यामुळे एक जाड भिंत उभी आहे असे दिसले तरी प्रत्यक्षात त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती होत्या. जमीन आडवी हलू लागताच त्या एकमेकींपासून सुटल्या, मधला भराव खाली बसला व तोंडे फुगून कोसळली. वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर होता. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर दरवर्षी नवी माती पडे, आणि पिढ्यानुपिढ्या छताचे वजन वाढत जाई. अनेक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती मात्र आत झोपलेल्या माणसांवर पडल्या.

या दृश्यातून वाचलेल्या माणसांनी काढलेला निष्कर्ष एकच होता : दगडाने मारले. तो चूक आहे असे म्हणणे सोपे आहे. ढिगारा उपसून आपली माणसे काढणाऱ्याला दुसरा कोणता निष्कर्ष दिसणार होता? अभियंत्यांचे म्हणणे मात्र असे होते की मारक ठरला तो दगड नव्हे, तर दगडांची सुटी बांधणी व छताचे ओझे. ठरावीक अंतरावर आरपार दगड घातले, कोपरे सांधले, दारा-खिडक्यांच्या वर भिंतीभोवती सलग पट्टा दिला व छतावरील माती कमी केली, तर तेच घर पुष्कळ सुरक्षित होऊ शकते. ही दोन विधाने गावात एकमेकांसमोर उभी राहिली, आणि पहिले जिंकले. सिमेंटचे स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित आणि दगडाचे घर म्हणजे मृत्यू, असे समीकरण रूढ झाले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज कमी हानी झालेल्या गावांत जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या हातून करून घेण्याची योजना होती. लोकसंवादाच्या दृष्टीने नव्या वसाहतींपेक्षा ही दुसरी योजना अधिक बोधप्रद आहे, आणि तिची चर्चा मात्र कमी झाली. जुन्या घराला आरपार दगड घालण्यावर लोकांचा विश्वास नव्हता. मिळालेल्या अनुदानातून अनेक कुटुंबांनी जुने घर तसेच ठेवून एक नवी विटा-सिमेंटची खोली बांधणे पसंत केले. जुन्या माळवदाखाली धान्य, गुरे आणि पुष्कळदा म्हातारी माणसे राहिली. ‘छतावरची माती काढा’ हा सल्लाही कागदावर सोपा वाटतो. माती काढली की उन्हाळ्यात घर तापते व पावसात गळते. सल्ला देणाऱ्याने या दोन गोष्टींचा पर्याय दिला नाही तर तो पाळला जाणार नाही हे उघड आहे.

ही कोंडी जेथे काही अंशी फुटली तेथे ती पत्रकांनी फुटली नाही. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावी महिला मंडळांच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, अभियंता काय म्हणतो, गवंड्याने पट्टा घातला की नाही, हे घरोघरी जाऊन पाहण्याचे काम त्या करीत. शास्त्रीय माहितीचे वाहन म्हणून या स्त्रियांचे महत्त्व असे की त्या स्वतः त्याच गावातील, त्याच छताखालच्या होत्या. घराची रोजची देखभाल, सारवण, गळणारी जागा हे सारे त्यांच्याकडेच असल्याने घर कोठे कच्चे आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते. भूकंपाच्या संदर्भात त्याचा अर्थ काय एवढेच त्यांना कळण्याचे शिल्लक होते.

‘सिमेंट म्हणजे सुरक्षित’ या समीकरणाचे पुढे काय झाले, हेही नोंदविणे आवश्यक आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत अनेक बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर उभ्या केलेल्या इमारतींचा त्यांत मोठा वाटा होता. तेथेही साहित्य दोषी नव्हते. बांधणी दोषी होती. मराठवाड्यात तयार झालेला लोकसमज गुजरातेत खोटा ठरला, परंतु ही बातमी किल्लारीच्या गवंड्यापर्यंत या स्वरूपात कोणी नेली असे दिसत नाही.

धक्के चालू असताना काय सांगावे ?

भूकंप होऊन गेल्यानंतरचा संवाद अवघड असतोच. धक्के चालू असतानाचा संवाद त्याहून अवघड असतो. या बाबतीत इटलीतील लाक्विला या शहराचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते. तेथे काही महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांच्या राष्ट्रीय आयोगाची बैठक त्या शहरात झाली. बैठकीपूर्वी नागरी संरक्षण विभागाचे उपप्रमुख बर्नार्डो दे बर्नार्डिनिस यांनी दूरचित्रवाणीला दिलेल्या मुलाखतीत असा आशय मांडला की सतत ऊर्जा बाहेर पडत असल्याने परिस्थिती अनुकूल आहे. निवांतपणे मद्याचा प्याला घ्यावा काय, या मुलाखतकाराच्या सूचनेलाही त्यांनी होकार दिला. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे मृत्यू पावली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सात जणांना सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सहा शास्त्रज्ञांना निर्दोष ठरविले व दे बर्नार्डिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आणली. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले.

हा खटला ‘भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा’ अशा मथळ्याने जगभर गाजला. तो अर्थ अपुरा आहे. त्या भागात रात्री धक्का बसला की घराबाहेर जाऊन झोपण्याची जुनी रीत होती. अधिकृत दिलाशामुळे आपल्या माणसांनी ती मोडली व ती घरातच राहिली, अशी मृतांच्या नातेवाइकांची तक्रार होती. म्हणजे आक्षेप भाकीत न करण्याला नव्हता. ज्ञात नसलेल्या गोष्टीविषयी निश्चिंत करण्याला होता. आणि निश्चिंत करताना वापरलेला युक्तिवाद, म्हणजे ऊर्जा हळूहळू बाहेर पडण्याचा, वर पाहिल्याप्रमाणे शास्त्रीयही नव्हता.

किल्लारीतही १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अनेक धक्के जाणवले होते. ऑक्टोबरमधील एक सुमारे चार परिमाणाचा होता. नंतर धक्के ओसरले आणि वर्षभराने मोठा भूकंप झाला. डहाणू-तलासरीत हजारो धक्के नोंदले गेले, त्यांतील १ फेब्रुवारी २०१९ रोजीचा ४.१ परिमाणाचा विशेष जाणवला, पण त्या मालिकेतून मोठा भूकंप उद्भवलेला नाही. जगातील बहुसंख्य मालिका अशाच विरून जातात. मालिका चालू असताना ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची खात्रीची पद्धत शास्त्राजवळ नाही. दिवस, वेळ व स्थळ सांगणारे भाकीत करता येत नाही, हे वाक्य भूवैज्ञानिक वारंवार उच्चारतात. मात्र त्यानंतर थांबतात. ऐकणाऱ्याला ते वाक्य हात झटकल्यासारखे वाटते.

डहाणूत त्या हिवाळ्यात लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, धुंदलवाडी परिसरात तंबू उभारले गेले, शाळाही काही काळ उघड्यावर भरल्या. उथळ भूकंपांत ऐकू येणारा स्फोटासारखा आवाज भीती वाढवीत होता. १ फेब्रुवारीच्या धक्क्याच्या वेळी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली, ४.१ च्या धक्क्याने नव्हे, तर पळापळीने. येथे उपयोगी पडणारे उत्तर जमिनीविषयी नव्हतेच. वारली वस्तीतील कारवीच्या कुडाचे, गवती किंवा कौलारू छपराचे हलके घर अशा धक्क्यात जीवघेणे ठरण्याची शक्यता अतिशय कमी. त्याच पाड्यावर अलीकडे उभ्या राहिलेल्या, खांब-पट्टे नसलेल्या विटांच्या खोल्या अधिक धोक्याच्या. म्हणजे ज्या घराला ‘कच्चे’ म्हणून हिणविले जाते ते या एका बाबतीत ‘पक्क्या’ घरापेक्षा बरे, आणि कोणी कोठे झोपावे याचा निर्णय घराघराने वेगळा असायला हवा. ‘टेबलाखाली आश्रय घ्या’ ही सूचना ज्या देशांतून आली तेथील घरे कोसळत नाहीत, वस्तू पडतात. ज्या घरात टेबलच नाही व भिंत पडण्याचीच भीती आहे तेथे ती भाषांतरित करून भिंतीवर चिकटविण्यात काही अर्थ नाही. शिवाय ही सूचना प्रमाण मराठीत होती, आणि पाड्यावरची बोली वारली. भाषांतराचा हा दुसरा टप्पा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत सहसा धरलेलाच नसतो.

महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये घेतात. त्यांत आपत्ती व्यवस्थापनावर एक व्याख्यान ठेवण्याची पद्धत आहे. पाहुणा वक्ता प्रस्तरांच्या हालचालींची चित्रे दाखवितो, टाळ्या होतात, श्रमदान पुढे चालू राहते. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी दोन दिवस गावातील घरे पाहिली तर ? भिंत किती जाड, तिच्यात आरपार दगड आहेत काय, कोपरा सुटलेला आहे काय, छतावर माती किती, झोपण्याची जागा कोणत्या भिंतीलगत, दार आत उघडते की बाहेर. यासाठी उपकरण लागत नाही. मोजपट्टी व गावचा एक अनुभवी गवंडी सोबत असला म्हणजे पुरे. भूगोल, स्थापत्य, मराठी व समाजशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यास इतका स्वाभाविक विषय क्वचितच मिळेल. घराचा धोका ठरविणे हे अभियंत्याचे काम आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे, हे मात्र घरमालकास आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. अन्यथा एका खोट्या ग्वाहीच्या जागी दुसरी येईल.

धक्का बसल्यानंतर कोणत्या गावात भांडी वाजली, कोठे झोपलेली माणसे जागी झाली, कोठे भिंतीचा गिलावा पडला, याची प्रश्नावली भरून घेणे हे दुसरे काम. तीव्रतेचे नकाशे अशाच नोंदींतून तयार होतात, आणि ज्याने स्वतः आपल्या गावची तीव्रता नोंदविली त्याला परिमाण व तीव्रता यांतील भेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. कराड, सातारा, लातूर, डहाणू येथील महाविद्यालयांना ही सामग्री दाराशी उपलब्ध आहे. किल्लारीच्या वेळी जे विद्यार्थी होते त्यांच्यापैकी कित्येक आज त्याच भागात शिक्षक आहेत. जुनी गावठाणे, नव्या वसाहती आणि त्या वसाहतींत नंतर मागील बाजूस पडव्या म्हणून पुन्हा जुन्याच पद्धतीने रचलेल्या दगडमातीच्या भिंती, हे सारे त्यांच्या वर्गापासून काही किलोमीटरच्या आत उभे आहे. त्या भिंतींत आरपार दगड आहेत की नाहीत, हे अद्याप कोणीतरी जाऊन पाहायचे आहे.